बंद करून चालू करणं ही दुरुस्ती नव्हे

ब्राउझर जड झाला, टॅब कोसळला, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला, की तीन सल्ले ठरलेले. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. एक्स्टेंशन्स काढून टाका. रॅम वाढवा. तिन्ही सल्ले बहुतेक वेळा थोडा वेळ लागू पडतात आणि तिथेच गोची होते, कारण लागू पडलेल्या उपायाला मग कोणी प्रश्न विचारत नाही. ज्याला रात्री बाराच्या आत ऑनलाइन अर्ज भरायचा आहे त्याने ब्राउझर खुशाल बंद करून उघडावा. त्याच्याशी वाद नाही. वाद आहे तो एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांशी आणि ब्राउझर बनवणाऱ्यांशी. त्यांच्यापैकी अनेकांनी हाच सल्ला तत्त्व म्हणून उचलला आहे: मेमरीची गळती शोधत बसू नका, थोड्या थोड्या वेळाने सगळं मारून टाका, म्हणजे साचायला काही उरणारच नाही.

या तत्त्वाचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे गूगल क्रोमचं मॅनिफेस्ट व्ही-३, एक्स्टेंशन्ससाठीची नवी चौकट. जानेवारी २०२१ मध्ये क्रोम ८८ बरोबर ते आलं. त्याआधी एक्स्टेंशनला पडद्यामागे चालणारं एक पान मिळायचं, बॅकग्राउंड पेज. ब्राउझर उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते जिवंत राहू शकायचं. नव्या पद्धतीत त्याची जागा सर्व्हिस वर्करने घेतली. ३० सेकंद त्याच्याकडे काही काम आलं नाही तर क्रोम त्याला बंद करतो. काम आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. समर्थकांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. दहा एक्स्टेंशन्सची दहा पानं दिवसभर मेमरी अडवून बसायची, ती आता बसत नाहीत. शिवाय कोड लिहिणाऱ्याने चूक केली असली तरी अर्ध्या मिनिटात ती आपोआप पुसली जाते.

यातला पहिला भाग खरा आहे, पण त्यासाठी एवढा खटाटोप लागत नव्हता. रिकामं बसलेलं बॅकग्राउंड पेज मिटवण्याची सोय क्रोममध्ये २०१२ पासून होती. इव्हेंट पेज म्हणतात ते हेच. एक्स्टेंशनच्या मॅनिफेस्ट फाइलीत एका ओळीचा बदल करायचा. दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजायला गळती मुळात होते कशी तिथून सुरुवात करावी लागते.

‘जावास्क्रिप्टला गार्बेज कलेक्टर आहे, मेमरी आपोआप मोकळी होते.’ मुलाखतीच्या तयारीत हे वाक्य घोकलं जातं. गार्बेज कलेक्टरला तुमच्या मनातलं कळत नाही. एखादी वस्तू आता नकोशी आहे की नाही हे तो ठरवत नाही. चालू कोडपासून दुव्यादुव्याने जाऊन तिच्यापर्यंत पोहोचता येतं का, एवढंच तो पाहतो. पोहोचता आलं तर ती राहते, मग तिचा उपयोग संपून तीन दिवस झालेले असोत. म्हणजे प्रत्येक गळतीच्या मागे कुणीतरी, कुठल्यातरी ओळीत, धरून ठेवलेला एक दुवा असतो. त्याला पत्ता असतो. गळती म्हणजे हवेतून येणारा आजार असल्यासारखं बोलणं इथेच बंद व्हायला हवं.

एक नेहमी सापडणारं उदाहरण जवळून पाहू. पानावरच्या नेटवर्क विनंत्यांवर लक्ष ठेवणारं एक्स्टेंशन आहे. विनंती सुरू झाली की तिचा क्रमांक आणि तपशील एका मॅपमध्ये लिहायचा, ‘ऑन-कम्प्लीटेड’ची सूचना आली की तो पुसायचा. कोड वाचताना सगळं बरोबर दिसतं. पण विनंती अर्ध्यातच तुटली तर ‘ऑन-कम्प्लीटेड’ कधी येतच नाही. येतं ते ‘ऑन-एरर-ऑकर्ड’, आणि ते ऐकायची ओळ लिहायची राहून गेलेली असते. फायबरच्या जोडणीवर बसलेल्या डेव्हलपरला ही चूक महिनोन्‌महिने दिसत नाही. एसटीत किंवा कोकणातल्या घाटात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याकडे दर काही मिनिटांनी विनंत्या तुटतात, आणि त्याचा मॅप फुगत जातो. टॅबच्या नोंदींचंही तसंच. टॅब उघडल्यावर नोंद करायला सगळ्यांना आठवतं, बंद झाल्यावर पुसायला आठवत नाही.

आता या मॅपवर तीस सेकंदांचा उपाय लावून पाहा. सर्व्हिस वर्कर बंद पडला, मॅप गेला, मेमरी मोकळी झाली. समर्थक इथे थांबतात. पण त्या मॅपमध्ये कामाच्या नोंदीही होत्या, त्याही गेल्या. एक्स्टेंशन ‘मधूनच चालत नाही’ अशा तक्रारी सुरू होतात. मग डेव्हलपर मॅप वाचवण्यासाठी तो क्रोमच्या स्टोरेजमध्ये लिहायला लागतो, आणि वर्कर जागा झाला की तिथून परत वाचतो. पुसायची ओळ अजूनही लिहिलेली नाही. म्हणजे जी गळती पूर्वी ब्राउझर बंद केल्यावर तरी संपायची, ती आता डिस्कवर जाऊन बसली. संगणक बंद करून चालू केला तरी ती तिथेच आहे. त्यात टॅबचे क्रमांक एका सत्रापुरतेच खरे असतात. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुन्या क्रमांकांचे टॅब बंद झाल्याची सूचना कधीच येणार नाही, त्यामुळे त्या नोंदी पुसायला निमित्तही उरत नाही. दर वेळी वर्कर उठतो, सगळं ओझं वाचतो, पुन्हा लिहितो. एके दिवशी स्टोरेजची मर्यादा भरते आणि लिहिणंच नाकारलं जातं. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारला की ओल शेजारच्या खोलीत निघते, तसा हा प्रकार.

काही जण दुसरी वाट धरतात. वर्कर मरू नये म्हणून दर वीस-पंचवीस सेकंदांनी क्रोमची एखादी फुटकळ सुविधा उगाचच हाकारत राहायची, म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर. मग वर्कर दिवसभर जागा, गळती दिवसभर चालू, वर बॅटरीचा खर्च. हे डेव्हलपर आळशी आहेत असं म्हणणं सोपं आहे. पण खुद्द गूगललाही घड्याळ ढिलं करावं लागलंच. जानेवारी २०२३ मध्ये क्रोम १०९ ने ऑफस्क्रीन डॉक्युमेंट नावाचं लपलेलं पान परत दिलं. फेब्रुवारीत क्रोम ११० ने काम येत राहिलं तरी पाच मिनिटांनी मारण्याची सक्ती उठवली. क्रोम ११६ पासून वेबसॉकेटवरचा संवादही वर्करला जिवंत ठेवू लागला. यातली प्रत्येक सवलत योग्यच होती. ‘मारून टाका म्हणजे प्रश्न संपला’ हे मात्र त्या सवलतींनीच खोटं पाडलं.

इथे एक जाणता विरोधक फायरफॉक्सचं उदाहरण पुढे करील, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मार्च २०११ मध्ये आलेलं फायरफॉक्स ४ मेमरी खातं म्हणून बदनाम होतं. त्याच वर्षी जूनमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने मेमश्रिंक नावाची मोहीम सुरू केली. तिच्या पुढे होते मेलबर्नहून काम करणारे निकोलस नेदरकोट. व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाचे ते एक प्रमुख कर्ते. या लोकांनी आधी मोजायला सुरुवात केली. ‘अबाउट मेमरी’ हे फायरफॉक्सचं अंतर्गत पान त्यांनी असं घडवलं की कोणत्या पानाने, कोणत्या कामासाठी, किती मेमरी घेतली याचा हिशेब कुणालाही उघडून वाचता यावा. त्या हिशेबातून दिसलं की गळतीचा मोठा वाटा अ‍ॅड-ऑन्सचा आहे. टॅब बंद व्हायचा, पण अ‍ॅड-ऑनच्या एखाद्या विसरलेल्या चलात त्या पानाच्या खिडकीचा दुवा शिल्लक असायचा. त्या एका दुव्यापायी पूर्ण पान, त्याच्या सगळ्या स्क्रिप्ट्स, सगळा डॉम मेमरीत राहायचा. मोझिलाची मंडळी त्याला झोंबी कंपार्टमेंट म्हणायची.

त्यावर काइल ह्यूई यांनी फायरफॉक्समध्येच उपाय केला. २८ ऑगस्ट २०१२ ला आलेल्या फायरफॉक्स १५ पासून पान बंद झालं की अ‍ॅड-ऑनकडून त्या पानाकडे जाणारे दुवे ब्राउझरच तोडू लागला. अ‍ॅड-ऑन लिहिणाऱ्याने काहीही न करता गळतीचा तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. मग विरोधकाचं म्हणणं बरोबरच नाही का? ब्राउझरनेच जबरदस्तीने तोडलं आणि भागलं.

भागलं, कारण काय तोडायचं हे फायरफॉक्सला नेमकं ठाऊक होतं. पान बंद झालं आहे, ते परत येणार नाही, तेव्हा त्याच्याकडे जाणारा दुवा निरुपयोगी आहे, ही पक्की माहिती होती. ती कुठून आली? वर्षभर मोजून, गळतीचे मार्ग एकेक करून शोधून. शिवाय तोडलेल्या दुव्याला हात लावणाऱ्या अ‍ॅड-ऑनला ‘मृत वस्तूला हात लावता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी ओळीच्या क्रमांकासह मिळायची. चूक लपली नाही, उलट उघडी पडली. तीस सेकंदांच्या घड्याळाला यातलं काहीच ठाऊक नसतं. कोणती वस्तू कामाची, कोणती टाकाऊ, हे न पाहता ते सगळंच पुसतं, आणि पुसलं गेल्याची ओरडही करत नाही. दोन्ही उपाय ब्राउझरने केलेले म्हणून एकाच माळेत ओवणं हा सरळ अन्याय आहे; एक निदानातून आला, दुसरा निदान टाळण्यातून.

आणि घड्याळामुळे निदान आणखी अवघड होतं, हे तर कुणी बोलतच नाही. सर्व्हिस वर्कर तपासायला डेव्ह-टूल्स उघडली की क्रोम तो वर्कर बंद करत नाही. पाहणारा आहे तोवर तो जिवंत. म्हणजे डेव्हलपरच्या समोर एक्स्टेंशन ठणठणीत, पाठ फिरली की मरतं. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या उत्तरामागे पुष्कळदा लबाडी नसते, हे असतं. त्यात आणखी एक खोच: कन्सोलमध्ये छापलेली वस्तू डेव्ह-टूल्स धरून ठेवतात, त्यामुळे गळती शोधायला घातलेली छापणीची ओळच नवी गळती दाखवू शकते.

सर्व्हिस वर्करची चर्चा इतकी चालते की अर्धं एक्स्टेंशन दुसरीकडेच राहतं याचा विसर पडतो. पानात घुसून काम करणारी कन्टेन्ट स्क्रिप्ट त्या टॅबमध्ये जगते. तिच्यावर तीस सेकंदांचं घड्याळ चालत नाही. जीमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेब सकाळी उघडून रात्रीपर्यंत तसंच ठेवणारे असंख्य आहेत. अशा पानावर मजकूर सतत बदलतो, जुने घटक काढले जातात, नवे येतात. कन्टेन्ट स्क्रिप्टने प्रत्येक संदेशाचा घटक एका यादीत साठवला, तर पानाने काढून टाकलेला घटकही मेमरीतून जात नाही. डेव्ह-टूल्समध्ये अशा घटकांच्या नावाआधी ‘डिटॅच्ड’ असं दिसतं. एक छोटा डिव्ह धरून ठेवला की त्याच्या वरच्या पालकापासून सगळं झाड अडकून राहतं. यादीऐवजी घटकाला धरून न ठेवणारा वीक-मॅप वापरला असता तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

एक्स्टेंशनची नवी आवृत्ती आली की परिस्थिती आणखी बिकट होते. क्रोममध्ये आधीच उघड्या असलेल्या टॅबांतली जुनी स्क्रिप्ट तशीच राहते. तिचा मूळ एक्स्टेंशनशी संबंध तुटलेला असतो, संदेश पाठवायला गेली की ‘एक्स्टेंशन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड’ अशी त्रुटी येते. पण तिचे टायमर, तिचे म्युटेशन ऑब्झर्व्हर चालूच. डेव्हलपरने नवी स्क्रिप्टही त्याच टॅबमध्ये घुसवली तर दोघी एकाच पानावर राबतात. उपाय अवघड नाही. ती त्रुटी पकडायची आणि स्वतःचे टायमर थांबवून, ऑब्झर्व्हर सोडून स्क्रिप्टने गुपचूप निघून जायचं. दहा-बारा ओळींचा कोड. तो लिहिला जात नाही, कारण ‘टॅब रिफ्रेश करा’ हे सांगणं त्याहून सोपं आहे.

रॅम वाढवण्याच्या सल्ल्याला फार वेळ द्यायची गरज नाही. फेब्रुवारी २०२० च्या क्रोम ८० पासून व्ही-८ इंजिन पत्ते आखूड करून साठवतं. त्यामुळे मेमरी वाचते, पण जावास्क्रिप्टचा हीप, म्हणजे वस्तू साठवण्याची जागा, ४ जीबीच्या चौकटीत राहतो. गळणारी स्क्रिप्ट त्या चौकटीच्या कडेला पोहोचली की टॅब कोसळणारच, मशीनमध्ये १६ जीबी असो की ६४. मोठ्या रॅमने कोसळण्याची वेळ पुढे जाते, तीही काही वेळाच. आणि ४ जीबीचा लॅपटॉप वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘रॅम वाढव’ सांगणं म्हणजे आपल्या चुकीचं बिल त्याच्या पालकांना पाठवणं.

‘एक्स्टेंशन काढून टाका’ हा सल्ला अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याची नीट तपासणी हवी. अ‍ॅडब्लॉक प्लसची गोष्ट यासाठी उत्तम. मे २०१४ मध्ये नेदरकोट यांनीच आकडे प्रसिद्ध केले. टेकक्रंचच्या पानावर फिरताना फायरफॉक्सला सुमारे १९४ एमबी लागत होते, अ‍ॅडब्लॉक प्लस चालू केल्यावर ४१७. चारशेहून अधिक आयफ्रेम असलेल्या एका पानावर ३७० चे थेट १९६०. जाहिराती अडवूनही एवढं ओझं! लोकांनी ‘गळती, गळती’ म्हणून गिल्ला केला. पण ती गळती नव्हतीच. जाहिराती लपवण्याच्या हजारो नियमांची एक मोठी स्टाइलशीट प्रत्येक पानाला आणि प्रत्येक आयफ्रेमला लागत होती, आणि फायरफॉक्स प्रत्येक ठिकाणी तिची वेगळी प्रत बनवत होता, दर प्रत साधारण ४ एमबीची. ब्राउझर बंद करून उघडल्याने त्यात काडीचाही फरक पडला नसता; पान उघडलं की पुन्हा तेवढ्याच प्रती.

मग दोष कुणाचा? एकाच नियमसंचाची प्रत चारशेदा काढणं हे ब्राउझरचं काम होतं, एक्स्टेंशनचं नव्हे. मोझिलाच्या बगवहीत या उणिवेची नोंद २००१ पासून पडून होती, फायरफॉक्स हे नावही ठरलं नव्हतं तेव्हापासून. कॅमरन मॅकॉर्मॅक यांनी ती हाती घेतली आणि सप्टेंबर २०१५ च्या फायरफॉक्स ४१ मध्ये एकसारख्या स्टाइलशीटचा हिशेब सगळ्या पानांत सामायिक झाला. तोवर ज्यांनी अ‍ॅडब्लॉक प्लस काढून टाकलं त्यांना वाटलं आपण गुन्हेगार पकडला. चौदा वर्षं पडून असलेली चूक सापडली ती एक्स्टेंशन काढून टाकणाऱ्यांमुळे नव्हे, ते चालू ठेवून मोजणाऱ्यांमुळे.

मेमरीची भीती घालून दिलेल्या सल्ल्यांची किंमत याहून मोठीही असू शकते. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं एक्स्टेंशन वीस लाखांहून अधिक लोकांनी बसवलं होतं. २०२० मध्ये ते दुसऱ्या हाती गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते बंद केलं. सगळे टॅब वाचण्याची परवानगी लोकांनी त्याला आनंदाने दिली होती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की याने ब्राउझर हलका होतो.

गळती शोधायची पद्धत ठरलेली आहे आणि ती कुठल्याही डेव्हलपरला दुपारभरात जमते. एक्स्टेंशन थोडा वेळ वापरून गरम होऊ द्यायचं, मग डेव्ह-टूल्सच्या मेमरी विभागात हीपचं चित्र घ्यायचं. एकच कृती दहा वेळा करायची: पॉपअप उघडा-बंद करा, टॅब उघडा-बंद करा. कचरा गोळा करायला लावायचं आणि दुसरं चित्र घ्यायचं. दोन्हींची तुलना केली की नेमक्या दहाने किंवा दहाच्या पटीने वाढलेली वस्तू डोळ्यांत भरते. तिच्यावर टिचकी मारली की खाली ‘रिटेनर्स’ची साखळी दिसते: ही वस्तू कोणी धरली, त्याला कोणी, त्याच्या मागे कोण. साखळीच्या टोकाला बहुतेक वेळा आपल्याच फाइलीतला एक मॅप, एक विसरलेला लिसनर किंवा एक क्लोजर निघतो. हीपमध्ये काही वाढलेलं नाही, पण टास्क मॅनेजरमधला आकडा चढतोच आहे, असं असेल तर नजर ब्लॉबच्या यूआरएलकडे वळवावी; तयार केलेली प्रत्येक यूआरएल रद्द केली नाही तर पान मिटेपर्यंत ब्राउझर ती फाइल सांभाळत राहतो, आणि हीपच्या चित्रात ती दिसत नाही.

वापरणाऱ्यालाही यात वाटा उचलता येतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की प्रत्येक टॅबची आणि एक्स्टेंशनची मेमरी वेगळी दिसते. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट प्रोसेसेस’ उघडावं. कामाला बसताना एकदा आणि तासाभराने पुन्हा, आकड्यांचा फोटो घ्यावा. मागची पानं तयार ठेवण्यासाठी ब्राउझरने वापरलेली मेमरी वाढून एका पातळीवर थांबते. गळती थांबत नाही. २००५ च्या अखेरीस आलेल्या फायरफॉक्स १.५ मध्ये ‘मागे’ दाबताच पान क्षणात दिसावं म्हणून पानं मेमरीत राखली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी त्यालाही गळतीच ठरवलं होतं. आकडे दोन वेळचे असतील तर हा गोंधळ होत नाही. तक्रार करताना एक्स्टेंशनची आवृत्ती, कोणती साइट उघडी होती, नेट मधूनमधून तुटत होतं का, आणि हे दोन आकडे एवढं लिहून पाठवावं.

क्रोमच्या दुकानात एक्स्टेंशन चढवताना परवानग्या तपासल्या जातात, धोरणं तपासली जातात. टॅब शंभर वेळा उघडून-मिटून मेमरी मूळ पातळीला येते का, ही चाचणी यंत्राने आपोआप करता येण्यासारखी आहे आणि तिचा निकाल डेव्हलपरला साखळीसह देता येण्यासारखा आहे. ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडे ते करायची साधनं डेव्ह-टूल्समध्ये आधीपासूनच तयार आहेत. तीस सेकंदांचं घड्याळ बसवायला जेवढे कष्ट आणि जेवढ्या दुरुस्त्या लागल्या, त्यातला थोडा भाग तिकडे वळवावा, ही मागणी एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांनी लावून धरायला हवी. आणि त्याआधी आपल्या कोडमध्ये ‘ऑन-एरर-ऑकर्ड’ ऐकलं आहे की नाही, हे आज संध्याकाळी उघडून पाहायला हवं.